फ्रान्समधली नदीखोरी आणि जुनी गावं सायकलवरून: शांत रस्ता कसा निवडावा?

पाणवठा

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरात मी आणि नवरा फ्रान्समध्ये सायकलवर फिरायचं म्हणतोय. हाताशी आठ-दहा दिवस आहेत. दोघांचीही पन्नाशी उलटली आहे. सायकल नियमित चालवतो, पण वेगाची हौस नाही. रोज ४०-५० किमी, सामान आपापल्या सायकलवर आणि मुक्काम लहान गावांत, असा बेत आहे. नदी सोबत असावी, वाटेत जुनी दगडी गावं लागावीत आणि गाड्यांची वर्दळ कमी असावी, एवढंच मागणं आहे.

शोधाशोध केल्यावर दोन नावं पुढे आली: ल्वार नदीचा प्रसिद्ध सायकलमार्ग आणि नैर्ऋत्येकडचं लॉत नदीचं खोरं. पहिल्याबद्दल माहिती भरपूर मिळते, दुसऱ्याबद्दल तुरळक. नदीकाठचा रस्ता सपाटच असतो, हे कितपत खरं? आणि नुसत्या नकाशावरून रस्ता शांत आहे की नाही ते कसं ओळखायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

दगडीपूल

लॉत घ्या. तिची सेले नावाची छोटी उपनदी तर मुळीच सोडू नका.

लॉतचं खोरं इतकं शांत का, हे आधी सांगतो, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. १९व्या शतकापर्यंत ही नदी म्हणजे व्यापाराचा हमरस्ता होती. काऑरच्या बाजूची वाइन होड्यांतून गारोन नदीत आणि तिथून बोर्दोला जायची. पुढे मालवाहतूक रेल्वेकडे गेली. त्याच शतकाच्या शेवटच्या दशकांत फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि माणसं पोटापाण्यासाठी शहरांकडे निघाली. १९व्या शतकाच्या मध्याला लॉत जिल्ह्याची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. आज ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. दीडशे वर्षांत जिथली वस्ती इतकी घटली तिथे नव्या इमारती फारशा उठत नाहीत, रस्ते रुंद करायची निकड पडत नाही, जुनी घरं पाडायला कोणाला सवड नसते. तुम्हाला हवी ती दगडी गावं अशीच टिकली. त्यांच्यामधले रस्ते रिकामे राहिले तेही त्याच कारणाने.

म्हणून खोरं निवडताना मी आधी बघतो, आजची वाहतूक तिथून कुठे वळली? हमरस्ता पठारावरून जात असेल आणि खाली नदीकाठी जुना रस्ता उरला असेल, तर तो सायकलवाल्यांचा.

आता मार्ग. रोदेझपर्यंत रेल्वेने जा, तिथून सायकलवर एस्पाल्योंला या आणि लॉतच्या प्रवाहाबरोबर एस्तँ, आंत्रेग, मग थोडं आत वळून कोंक, परत लॉतवर येऊन फिजाक, फिजाकपासून सेले नदीच्या काठाने कोंद्यूशे आणि शेवटी काऑर. सगळं मिळून दोनशे किमीच्या आसपास होतं. तुमच्या वेगाने आठवडा आरामात जाईल, गावांत रेंगाळायला वेळ उरेल.

उलटावारा

लॉतला माझा विरोध नाही, पण ल्वारची बाजूही मांडायला हवी.

निव्हेरजवळच्या क्यूफीपासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या सँ-ब्रेव्हँपर्यंत सुमारे ९०० किमीचा हा मार्ग सलग आखलेला आहे. दर वळणावर पाटी आहे. बराचसा भाग मोटारींपासून वेगळा किंवा अगदी कमी वर्दळीच्या रस्त्यांवर आहे. यातला मोठा पट्टा अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या मार्गाचाही भाग आहे. परदेशात पहिल्यांदाच सामान लादून निघणाऱ्याला पाट्यांचा मोठा आधार असतो.

गावंही कमी नाहीत. कॉंद-सँ-मार्तँ पाहा. व्हिएन नदी इथे ल्वारला मिळते. संत मार्तँचं निधन ३९७ साली इथेच झालं. संगमावर किल्ल्यासारखं तटबंद चर्च उभं आहे. लगेच पुढे मोंसोरो, मग त्युर्कां, जिथे पांढऱ्या मऊ चुनखडीच्या कड्यात कोरलेली घरं आहेत. हाच दगड कापून सोम्यूरपासून शिनोंपर्यंतची गावं बांधली गेली. एका दुपारी सायकलवरून खाण, कडा आणि त्यातून उभं राहिलेलं गाव असं सगळं ओळीने दिसतं.

मात्र एक गोष्ट बहुतेक जण उलटी धरतात. नदीच्या प्रवाहाबरोबर गेलं की उतार मिळतो, असं मनात असतं. मोठ्या नदीला खालच्या टप्प्यात उतार जवळजवळ नसतोच. डॅन्यूबच्या काठचा पासाऊ ते व्हिएन्ना हा लाडका टप्पा घ्या. तीनशे किमीत नदी साधारण १४० मीटर उतरते. किलोमीटरमागे अर्धा मीटरही नाही, पायांना तो कळतसुद्धा नाही. कळतो तो वारा. पश्चिम युरोपात वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात. डॅन्यूब पूर्वेला जाते, म्हणून तिथे प्रवाहाबरोबर जाणं सोयीचं. ल्वार तिच्या खालच्या अर्ध्या भागात पश्चिमेला जाते, म्हणून तिथे प्रवाहाच्या उलट, समुद्राकडून आत यावं. ल्वारच्या मोकळ्या बांधावरून समोरचा वारा झेलत दिवसभर जाणं फार दमवतं. रोनच्या खोऱ्यात आणखी वेगळं गणित आहे. तिथे मिस्त्राल नावाचा जोरदार वारा उत्तरेकडून येतो, तेव्हा दक्षिणेला तोंड करून निघावं.

दगडीपूल

वाऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. लॉतचं पात्र खोल आणि सतत वळणारं असल्यामुळे तिथे वाऱ्याचा त्रास कमी होतो. दर एक-दोन किलोमीटरला दिशाच बदलते.

लहानगियर

"नदीकाठचा रस्ता सपाट असतो का?" या प्रश्नावर जरा थांबू या.

ल्वार रुंद मैदानातून वाहते, तिथे सपाट. लॉत, आवेरों, जर्मनीतली मोझेल या नद्यांनी पठार चिरत खोल नागमोडी पात्रं कोरली आहेत. अशा वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी थेट कड्याला भिडतं आणि रस्त्याला जागाच उरत नाही. मग रस्ता एकतर खडक फोडून जातो किंवा वर चढून पलीकडे उतरतो. आतल्या अंगाला गाळाचा मंद उतार असतो, शेती आणि बरीचशी वस्ती तिथे. त्यामुळे दिवसभरात एकही घाट न लागता पन्नास-शंभर मीटरांचे चढ पुन्हा पुन्हा येतात आणि संध्याकाळी बेरीज बरीच होते.

म्हणून सायकलचे गियर आधी तपासा. सोपा हिशोब देते. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा, चढ १० टक्के. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ९ किमी आणि नुसत्या चढावर २५० वॅट ताकद लागते. आपल्यासारख्यांना ती फार वेळ टिकवता येत नाही. पुढे २६ आणि मागे ३४ असतील तर एका फेऱ्यात १.६ मीटर, वेग ताशी सहाच्या जरा खाली, ताकद सुमारे १६० वॅट. चढ तोच, सामान तेच, पण गुडघे शाबूत राहतात.

सेंत-एत्येनचे पॉल द व्हिव्ही हे सायकल-पर्यटनाचे आद्य पुरस्कर्ते (१८५३-१९३०). एकाहून जास्त गियर हवेत असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. 'तूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीत गियर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं, पण पर्यटन करणाऱ्यांना तिची गरज त्याच्या कितीतरी आधी पटली होती. त्यांचा आणखी एक सल्ला मी कायम पाळते: भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या.

टायर ३५ मिमीच्या आसपासचे घ्या. जुन्या गावांतल्या दगडी फरसबंदीवर आणि नदीकाठच्या खडीच्या वाटांवर फरक पडतो.

पाणवठा

इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. आमच्या सायकलींचे गियर बघितले. नवऱ्याच्या सायकलला मागची चकती बदलावी लागणार.

दोन उपप्रश्न. विजेची सायकल नेली तर? आणि कोंक, सँ-सिर्क-लापोपी ही गावं फोटोत डोंगरावर दिसतात. नदी सोडून वर चढायचंच असेल तर खोऱ्यातून जाण्याचा फायदा काय?

लहानगियर

विजेची सायकल विमानातून नेता येत नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी चालत नाही आणि या सायकलींच्या बॅटऱ्या साधारण ४०० ते ६०० च्या असतात. हवी असेल तर तिथेच भाड्याने घ्या. युरोपात पायडलला मदत करणारी मोटर २५० वॅटची असते आणि ताशी २५ किमीला तिची मदत बंद होते. तुमच्या कामाला तेवढं पुरेसं आहे. दोघांपैकी एकालाच चढ जड जात असेल तर एकानेच घेतली तरी चालेल. दोघं बरोबरीने जाऊ शकता, हा त्यातला सगळ्यात मोठा लाभ.

पायवाट

वरच्या गावांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे.

सँ-सिर्क-लापोपी लॉतपासून शंभरेक मीटर उंच कड्यावर आहे. गाव देखणं आहे यात वाद नाही. अतिवास्तववादी लेखक आंद्रे ब्रतोंने १९५१ मध्ये इथे घर घेतलं होतं. २०१२ मध्ये फ्रेंच टीव्ही प्रेक्षकांनी ते देशातलं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं आणि तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. गर्दी टाळायला निघालेल्या माणसाने सामानासह तो चढ चढून अखेर गर्दीत पोहोचायचं, याची सक्ती कशाला? फ्रान्समध्ये 'सर्वांत सुंदर गावां'ची एक संघटना आहे, १९८२ साली सुरू झालेली. दोन हजारांहून कमी वस्ती आणि किमान दोन संरक्षित वास्तू या तिच्या प्राथमिक अटी. यादी चांगलीच आहे, पण पर्यटकांच्या बसगाड्याही तीच यादी घेऊन येतात.

मी यादीबाहेरच्या गावांत थांबतो. सेलेच्या काठी एस्पान्याक आहे. जुन्या मठाभोवतीची चार घरं आणि लाकडी चौकटीचा, विटांचा घंटा-मनोरा. पुढे मार्सिलाकमध्ये बेनेडिक्टाइन मठाचे भग्नावशेष आहेत. छप्पर उडालेलं आहे, खांब उभे आहेत, आणि मधल्या मोकळ्या जागेत तुम्ही एकटे असता. एके काळी या मठाची मालकी थेट रोकामादूरसारख्या तीर्थक्षेत्रावर होती. दोन्ही ठिकाणं नदीलगत आहेत, चढायचं कारणच नाही.

दगडीपूल

पायवाट, सेलेबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. सँ-सिर्कबद्दल नाही.

हे गाव दुपारी बघू नये. मुक्काम वरच करावा. संध्याकाळी गाड्या निघून गेल्या की गल्ल्यांतून चालता येतं. लाकूड कातून पिंपांचे नळ घडवणाऱ्या कारागिरांची दुकानं जिथे होती त्या कमानी निवांत पाहता येतात. सकाळी नदीवर धुकं असतं. आणि वरून बघितल्यावरच खालचं खोरं असं का वळलंय ते समजतं. गाव उंचावर बांधलं तेच नदीवरच्या येण्या-जाण्यावर नजर ठेवायला. खालून नुसतं पुढे गेलं तर गावाचं हे कारण हातून निसटतं. दहा-पंधरा मिनिटांच्या चढाच्या बदल्यात एवढं मिळत असेल तर तो चढ मी कोणालाही चुकवू देणार नाही.

शेजारच्या बूझिएजवळ लॉतच्या कड्यात कोरून काढलेली जुनी वाट आहे. माणसं आणि जनावरं तिच्यावरून दोर ओढत होड्या नेत. ती वाट पायी चालणाऱ्यांची आहे. सायकली कुलूप लावून ठेवा आणि थोडं चालून या. त्याच परिसरात कड्याच्या कपारीत भिंती घालून केलेलं आश्रयस्थान दिसतं. त्याला लोक 'इंग्रजांचा किल्ला' म्हणतात. इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाची आठवण त्या नावात आहे. सेलेच्या काठी ब्रेंग आणि काब्रेरे इथेही तशीच ठिकाणं आहेत.

नकाशावेडी

"शांत रस्ता नकाशावर कसा ओळखायचा" हा प्रश्न बाजूलाच राहिला, म्हणून लिहिते.

मिशलँचा कागदी नकाशा आजही माझ्यासाठी पहिला. त्यात लाल, पिवळे आणि पांढरे रस्ते असतात. लाल रस्ते टाळा. पिवळे बघून ठरवा. पांढरे तुमचे. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य. रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात, त्या चढ सांगतात: एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. सामानासह तीन खुणांचा रस्ता दिसला की मी दुसरी वाट शोधते.

मग दोन्ही काठ पाहायचे. बहुतेक खोऱ्यांत एका काठाने मोठा रस्ता जातो आणि समोरच्या काठाने गावं जोडणारा जुना. कुठल्या पुलावर काठ बदलायचा ते आदल्या रात्री ठरवून ठेवते. मोझेलवर याचं छान उदाहरण दिसतं. कोखेमच्या वर नदी वीसेक किलोमीटरचा वळसा घेते आणि रेल्वे मात्र ४.२ किमीच्या बोगद्यातून सरळ निघून जाते. त्या वळशातल्या गावांना रेल्वेचा आवाजही ऐकू येत नाही. रेल्वे किंवा हमरस्ता बोगद्यात शिरताना दिसला की त्या वळशावर बोट ठेवा, तिथे शांतता असण्याची शक्यता फार मोठी असते.

मोबाइलवरची ॲप्स चांगली आहेत, पण 'शांत' म्हणताना ती कधी थेट शेतातल्या चिखलाच्या वाटेवर नेतात. ओपनस्ट्रीटमॅपवर रस्त्याचा पृष्ठभाग नोंदलेला असतो, तो जरूर तपासा.

आणि वेळ. खेड्यांमधून दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ. त्या दोन तासांत मध्यम वर्दळीचा पिवळा रस्ताही रिकामा होतो. वर्दळीचा तुकडा टाळता येण्यासारखा नसेल तर तो तेव्हाच पार करा. मात्र दुकानंही तेव्हा बंद असतात, म्हणून खाण्याचं आधी घेऊन ठेवा. लहान गावांत सोमवारीही बरंच काही बंद असतं.

फिजाक ते कोंद्यूशे हा सेलेकाठचा रस्ता म्हणजे डी ४१, साधारण ५० किमी. एका दिवसात होतो, पण दोन दिवस द्या. कोंद्यूशेला तो लॉतकाठच्या डी ६६२ ला मिळतो. तिथून काऑरकडे वाहनं वाढतात. तो टप्पा सकाळी लवकर किंवा मी म्हटलं त्या जेवणाच्या वेळेत करावा.

उलटावारा

+१. त्यात भर: उन्हाळ्यात फ्रान्समध्ये लहान रस्त्यांवर डांबर शिंपडून वर बारीक खडी पसरतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसली की वेग कमी करा, वळणावर तर नक्कीच. सप्टेंबरातही अशी ताजी खडी लागू शकते.

रुळावरून

रेल्वेबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

तुलूझहून रोदेझला आल्बीमार्गे टीईआर गाड्या जातात. या प्रादेशिक गाड्यांत सायकल उभी नेता येते, पण जागा मोजक्या असतात आणि आरक्षणाचे नियम प्रदेशागणिक, हंगामागणिक बदलतात. निघायच्या आठवडाभर आधी पुन्हा तपासा. परतीला काऑर सोयीचं. पॅरिस-तुलूझ या जुन्या लोहमार्गावर ते आहे. तिथल्या लांब पल्ल्याच्या आंतेर्सिते गाड्यांत सायकलसाठी आरक्षण लागतं. युरोपीय संघाच्या २०२१ च्या नियमानुसार नवे डबे असलेल्या गाडीत निदान चार सायकलींची सोय हवी, पण जुने डबे अजून बरेच धावत आहेत. तेव्हा त्या भरवशावर राहू नका. सामानाच्या पिशव्या गाडी यायच्या आधीच सायकलवरून काढून हातात घ्या. दार उघडल्यावर वेळ कमी असतो.

रोदेझ उंचावर आहे, एस्पाल्यों खाली नदीकाठी. मधली वाट पठारावरून जाते, सरळ उतार समजू नका. पण वाटेत बोझूल लागतं, ते चुकवू नका. दूर्दू या छोट्या नदीने चुनखडीत नालाच्या आकाराची शंभरेक मीटर खोल दरी कोरली आहे आणि गाव तिच्या कडेवर बसलं आहे. वर लहानगियर यांनी कोरलेल्या वळणांबद्दल जे लिहिलंय ते इथे एका नजरेत दिसतं. हीच दूर्दू पुढे कोंकखालून वाहत लॉतला मिळते.

पाणवठा

बोझूलबद्दल कुठेच वाचलं नव्हतं! बेतात घेतलं.

आता कोंक. तिथे मुक्काम करावा की नुसतं बघून पुढे जावं?

पायवाट

मुक्काम करा. इथे माझाही आग्रह आहे.

ले पुईहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रामार्गावर कोंक आहे. सेंत-फुआ मठाच्या पश्चिम दारावर अंतिम निवाड्याचं शिल्प कोरलं आहे. त्यातला पापी-पुण्यवानांचा जमाव अर्धा तास बघत राहिलं तरी संपत नाही. आतल्या खिडक्या चित्रकार पिएर सूलाझ यांच्या, १९९४ साली बसवलेल्या. त्यात रंग नाहीत, पारभासक काच आहे आणि दिवसभरात उजेडाबरोबर तिचा रंग बदलत जातो. बाराव्या शतकातल्या दगडाशेजारी विसाव्या शतकातलं काम इतकं शोभलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हे सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बघावं.

फक्त मुक्कामाचं आधी बोलून ठेवा. एस्पाल्यों, एस्तँ, कोंक, फिजाक ही सगळी त्याच यात्रामार्गावरची गावं. तिथे साध्या यात्रीनिवासांची सोय चांगली आहे, पण सप्टेंबर हा पदयात्रींच्या गर्दीचा महिना. काही निवासांत आधी चालत आलेल्यांना जागा देतात, आणि ते योग्यच आहे. 'आक्योय व्हेलो' असा फलक असलेल्या निवासांत मात्र सायकल सुरक्षित ठेवायची जागा आणि दुरुस्तीची साधनं मिळतात.

दगडीपूल

पायवाट यांच्याशी याबाबत पूर्ण एकमत.

सप्टेंबरचा एक खास लाभ सांगतो. महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्सभर वारसा दिन असतात. एरवी बंद असणारी कितीतरी घरं, मठ, गिरण्या त्या दोन दिवशी उघडतात. तेव्हा तुम्ही फिजाकच्या आसपास असाल असं बघा. इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंचं हे जन्मगाव (१७९०). त्याच्या घराजवळच्या चौकात जमिनीवर रोझेटा शिळेची भलीमोठी प्रतिकृती अंथरली आहे, तिच्यावरून चालता येतं. व्यापाऱ्यांची मध्ययुगीन दगडी घरं इथे गल्लीगल्लीत आहेत.

एक सावधगिरी. लॉतच्या खोऱ्यातून फिजाकला, म्हणजे सेलेच्या खोऱ्यात, जाताना मधला उंचवटा ओलांडावाच लागतो. त्याला पर्याय नाही. तो सकाळी ठेवा.

आणि काब्रेरेला पोहोचलात की पेश-मेर्ल. १९२२ मध्ये गावातल्या पोरांनी शोधलेली ही गुहा. ठिपक्यांचे दोन घोडे, सुमारे २९,००० वर्षांपूर्वी रंगवलेले. मूळ चित्रं अजून लोकांना पाहू देतात अशा फार थोड्या गुहा उरल्यात. दिवसाला ७०० जणांनाच प्रवेश असतो, म्हणून आधीच तिकीट काढा. आत बारा-तेरा अंश तापमान असतं. घामाने भिजलेले कपडे बदलूनच आत जा.

नकाशावेडी

सुरक्षिततेचे नियमही एका जागी असू देत. गावाबाहेर रात्री किंवा कमी दिसत असताना सायकलस्वाराला चकाकणारं जाकीट घालणं फ्रान्समध्ये कायद्याने बंधनकारक आहे. सप्टेंबरात या खोऱ्यांत सकाळी दाट धुकं असतं, म्हणजे हा नियम तुम्हाला रोज सकाळी लागू होणार. पुढचा-मागचा दिवा लावूनच निघा. गावाबाहेर मोटारीने सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेक चालक ते ठेवतात. हेल्मेटची सक्ती १२ वर्षांखालच्या मुलांनाच आहे, पण तुम्ही घालाच. शिकारीचा हंगामही त्याच महिन्यात सुरू होतो, त्यामुळे रानातल्या वाटांवर ते जाकीट दिवसाही अंगात असू द्या.

कालवा

उशिरा आलो. चढ अजिबातच नको असतील तर कानाल द्यू मिदीचाही विचार करा. १६८१ साली पूर्ण झालेला हा कालवा तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किमी जातो आणि काठाने जुनी ओढवाट आहे. २००६ पासून तिथल्या प्लेन वृक्षांना बुरशीचा रोग लागला. हजारो झाडं तोडावी लागली, त्यामुळे काही भागात सावली उरलेली नाही. मुळांमुळे वाटही खडबडीत आहे. तरी गाव, होड्या वर-खाली करणारी पाणदारं आणि सपाट वाट हवी असलेल्याला ती आवडेल.

पाणवठा

कालवा, सुचवणीबद्दल आभार. पुढच्या वेळेसाठी नोंदवून ठेवते. या वेळी लॉत आणि सेले पक्कं.

आमचा बेत असा: रोदेझहून बोझूल करत एस्पाल्यों, मग आंत्रेग, कोंकला दोन रात्री, तिथून फिजाक, वारसा दिन तिथेच. सेलेवर मार्सिलाकला मुक्काम, पेश-मेर्ल बघून सँ-सिर्कला वरच रात्र, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेत काऑर. काऑरला तीन मनोऱ्यांचा व्हालांत्रे पूल निवांत बघायचाय.

शेवटचा प्रश्न. गावं इतकी लहान, दुकानं बंद, मग वाटेत पाणी कुठे भरायचं?

लहानगियर

गावच्या दफनभूमीत. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो आणि चर्चच्या आसपास किंवा गावाच्या कडेला दफनभूमी सापडतेच. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. आत शिरताना सायकल बाहेर ठेवा आणि कोणी भेटलं तर 'बोंझूर' म्हणा. कोंक ते फिजाक हा टप्पा लांब आहे, तेव्हा माणशी दोन बाटल्या भरूनच निघा.